पाच मिनिटं खाली

पहिल्या सहा महिन्यांत मावशी एकच गोष्ट उत्तम शिकल्या, ती म्हणजे हार मानणं. टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये बाकीची मंडळी पकडी शिकली, पेच शिकली, गळ्याभोवतीचा हात सोडवायला शिकली. मावशींनी टॅप करण्यात नाव कमावलं. टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर हाताने दोनदा थापटायचं, की समोरचा तत्क्षणी सोडतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाच्या या कुस्तीत शरण जायची एवढीच रीत, तोंड उघडायचीही गरज नाही. मावशींचा हात इतका तयार झाला होता की समोरची बाई अंगावर पुरती आलेलीही नसे आणि इकडे थापटून मोकळ्या.

"अहो मावशी, मी अजून काही केलंच नाहीये!" कॉलेजातली एक पोरगी एकदा कळवळून म्हणाली.

"तू करणार होतीस ना? मग झालं तर," मावशी म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठल्या. सगळे हसले, मावशीही हसल्या. पण नळाशी गेल्यावर त्यांनी तोंडावर तीनदा पाणी मारलं, मगच परतल्या.

मावशी म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या मावशी. तिथे हे काम करणाऱ्या सगळ्याच बायका मावशी, त्यामुळे नावाने हाक मारायची सवय कुणालाच राहिलेली नव्हती. नवरासुद्धा चिडवायचं असलं की मावशीच म्हणे. बावीस वर्षं त्या पुरुषांच्या वॉर्डात होत्या. अंग पुसायचं, भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतः पन्नास किलोच्या, पण शंभर किलोचा माणूस असा वळवत की बघणाऱ्याला वाटावं, तो आपणहूनच वळला. डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत, "जा, मावशींकडे बघा जरा."

मग दीड वर्षापूर्वी ते झालं. दुपारी दोनचा सुमार, जेवणं उरकून वॉर्ड पेंगुळलेला. शस्त्रक्रियेच्या गुंगीतून अर्धवट जागा झालेला एक आडदांड माणूस पलंगावरून उठायला लागला. मावशी धावल्या, त्याला धरलं, आणि तो धरल्या जागी त्यांच्यावर कोसळला. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत मावशी खाली, तो वर. घंटीची वायर डोक्याच्या वर, हाताला न लागणारी. ओरडायला छातीत हवा लागते, आणि छातीवर तर तो होता. कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्या दोन महिन्यांत जुळल्या.

बाकीचं काही जुळलं नाही. लिफ्टमध्ये मागून कुणी टेकलं की मावशी मधल्याच मजल्यावर उतरत. जाड पांघरूण त्यांनी कपाटात टाकून दिलं. रुग्णावर वाकल्या की श्वास अडके आणि त्या हात काढून घेत. एकदा एका म्हाताऱ्याला अर्ध्यावर सोडून त्या व्हरांड्यात पळाल्या. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी त्यांना तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत पाठवलं. तिथे धुलाईची मशीनं, वाळवणीची मशीनं आणि चादरींचे ढीग. काम सोपं, माणूस एकही नाही. सगळ्यांनी सांगितलं, नशीब काढलंस बाई! मावशींना ते नशीब खायला उठे. चादर कितीही नीट घाला, ती हुं की चूं करत नाही.

तिथेच त्यांना मास्तर भेटला. हा मशीनं दुरुस्त करणारा, अठ्ठावीस वर्षांचा, कान भज्यासारखे चुरगळलेले. वाळवणीच्या मशीनमागे तो वायर जोडत होता आणि मावशी त्याला बॅटरी दाखवत होत्या. तो मागे सरकला, त्याची पाठ मावशींना लागली, मावशी भिंतीला टेकल्या. बॅटरी टाकून त्या अशा पळाल्या की त्याला वाटलं शॉक बसला. मग जिन्यात बसून त्यांनी त्या परक्या पोराला सगळं सांगितलं. नवऱ्यालाही एवढं सांगितलेलं नव्हतं.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी संध्याकाळी एक खेळ शिकवतो. त्यात माणसाला पहिल्यांदा खालीच पाडतात."

"आणि मग?"

"मग खाली राहायला शिकवतात."

असल्या आमंत्रणाला कोण जाईल? मावशी गेल्या.

सहा महिने नुसतं थापटून झाल्यावर मास्तरने त्यांना बाजूला घेतलं. बाकी सगळं सोडा, म्हणाला, तुम्ही फक्त हाफ गार्ड करा. हाफ गार्ड म्हणजे आपण खाली, दुसरी वर, पण तिचा एक पाय आपल्या दोन पायांच्या कैचीत धरून ठेवलेला. ती पुरती जिंकलेली नाही, आपण पुरते हरलेलो नाही. "वाईट जागा आहे," मास्तर म्हणाला, "पण तुमची आहे. पाठ टेकलीत तर मेलात. कुशीवर राहायचं. कुशीवर असलं की छातीला हवा मिळते. मग वरचा हात तिच्या काखेतून घालून पाठीपर्यंत न्यायचा, दुसऱ्याने तिचा मोकळा गुडघा धरायचा. गुडघा अडला की तिला टेकू उरत नाही. मग उठायचं आणि ढकलायचं. ती खाली, तुम्ही वर."

"कूस," मावशी म्हणाल्या. "हे मला येतं की. फक्त मी आजवर वरून केलंय."

येतं म्हणणं वेगळं. हात काखेत जायच्या आधीच वजन छातीवर येई, आणि ती अकरा मिनिटं परत सुरू होत. पाच महिने गेले. मावशी आता दहा सेकंद टिकत, कधी तीस. एकदा दीड मिनिट टिकल्या आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडल्या. पलटी मात्र एकदाही जमली नाही.

आणि मग मोठ्या सिस्टरांनी तो अर्ज पुढे केला. कपड्यांच्या खोलीची जागा कायमची भरायची होती. तात्पुरतं काम किती दिवस चालणार? मावशींनी सही केली की त्या कायमच्या तिथल्या, वॉर्डाचा प्रश्न मिटला. नाही केली तर सोमवारपासून वॉर्डात हजर व्हायचं. "माझं ऐका," सिस्टर म्हणाल्या, "सही करा. तुम्हाला परत तसं झालेलं मला बघवणार नाही. आणि रुग्णाला अर्ध्यावर सोडलं तर तेही चालणार नाही. सोमवारी सकाळी मला कागद द्या."

मावशींनी कागद घरी आणला. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. अबोल माणूस, पण मावशी रात्रभर बसून श्वास मोजत तेव्हा शेजारी बसून राहणारा. त्याने कागद दोनदा वाचला.

"यात विचार कसला करायचा?"

"रविवारी स्पर्धा आहे," मावशी म्हणाल्या. "माझं नाव दिलंय मास्तरांनी. एकच कुस्ती, पाच मिनिटांची. मी भीतीने टॅप नाही केलं, तर सही करणार नाही. केलं, तर सोमवारी निमूट सही."

"आणि हरलीस तर?"

"हरण्याचं काही नाही हो. हरायला मी तयारच आहे. भ्यायचं नाही, एवढंच."

"कळणार कसं, भ्यालीस की नाही ते?"

"मला कळेल," मावशी म्हणाल्या. नवऱ्याने चष्मा काढून पुसला. त्याला बायको हरायला हवी होती, आणि तसं वाटतं याची त्याला लाजही वाटत होती. त्याने एवढंच विचारलं, "मी येऊ का?"

रविवारी सकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत गाद्या अंथरल्या होत्या. मावशींच्या वयाच्या, वजनाच्या आणि नवशिक्यांच्या पांढऱ्या पट्ट्याच्या गटात दोनच बायका निघाल्या. म्हणजे पहिली कुस्ती तीच अंतिम. दुसरी बाई बस चालवणारी, उंच, रुंद खांद्यांची. मोठं चाक वळवून वळवून दंड कसे भरलेले. वजनाच्या गटात ती बसली होती खरी, पण बसली कशी हे काट्यालाच ठाऊक.

"नुसतं राहायचं," मास्तर कानाशी म्हणाला. "पलटीचा विचारही करू नका. कुशीवर."

मावशींनी बाकावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर त्यांची पर्स होती, पर्समध्ये तो कागद.

पंचाने हात खाली केला. बसवाल्या बाईने कॉलर धरली, एक हिसका दिला, आणि मावशी दहा सेकंदांत पाठीवर. त्यांनी कशीबशी तिच्या एका पायाला कैची घातली. तेवढ्यात वजन आलं. सगळं, एकदम, छातीवर. बाईचा खांदा त्यांच्या जबड्यात रुतला आणि मान एका बाजूला वळली. दिसत काही नव्हतं, फक्त गादीचा निळा कोपरा. हवा! हात आपोआप उचलला गेला, गादीपासून वीतभर वर. आता थापटलं की हे सगळं उठून जाईल.

"कुशीवर, मावशी! कुशीवर!"

हात वरच राहिला. एक, दोन, तीन. मग मावशींनी तो हात थापटण्याऐवजी आपल्या आणि त्या बाईच्या मध्ये कोपरासकट खुपसला आणि ढुंगण एक इंच सरकवलं. मग आणखी एक इंच. कूस मिळाली. छातीच्या एका बाजूला थोडी हवा शिरली, अगदी चमचाभर. त्यांनी ती घेतली.

एक मिनिट झालं. बसवाली पाय सोडवायला गुडघा रेटत होती, मावशी कैची आवळत होत्या. दोन मिनिटं. बाईने कोपर गळ्यात घातलं, मावशींनी हनुवटी छातीला लावली. मधेच त्या पुन्हा पाठीवर पडल्या, पुन्हा ती भिंत, तो पलंग, ती न पोचणारी वायर. हात पुन्हा उचलला गेला. बाकावरचा नवरा उभा राहिला. त्याला वाटलं झालं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "बस्स, बस्स गं!" मावशींना ते ऐकू आलं. त्यांना राग आला. त्या रागावरच त्या पुन्हा कुशीवर वळल्या.

तीन मिनिटं. पाडल्याचे दोन गुण बाईचे, पुढे कुणालाच नाहीत. आता हॉलमधले चार लोक वळून बघायला लागले होते, कारण यात बघण्यासारखं काही नव्हतं आणि तरी नजर हटत नव्हती.

चौथं मिनिट संपता संपता मावशींना ऐकू आलं की कुणीतरी धापा टाकतंय. आधी वाटलं आपणच. मग लक्षात आलं, ती वरची बाई. श्वास तोंडाने चालला होता, शेवटाला बारीक शिटी वाजत होती. हिला धाप लागलीय, मावशींनी मनाशी म्हटलं, हिला जरा वळवायला हवं, अशी छातीवर पडून राहिली तर हिचा जीव घाबरेल. हात काखेतून केव्हा गेला ते त्यांना कळलं नाही. दुसऱ्या हाताने गुडघा धरला. डोकं तिच्या बरगड्यांशी लावलं. मास्तर ओरडायचा थांबला. पाठीवर पोचलेला मावशींचा हात हलकेच दोनदा पडला, आणि ती एवढी मोठी बाई एका अंगावर कलायला लागली.

"थांबा!" पंच दोघींच्या मध्ये पडला. "टॅप झाला. थांबा."

घड्याळात बेचाळीस सेकंद उरले होते.

मावशी बसल्या जागी बघत राहिल्या. पंचाने बसवाल्या बाईचा हात वर केला. नियमात काही खोट नव्हती, पाठीवर दोनदा थापटलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मास्तरने कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, का? पलटी झालीच होती! का?"

"मला नाही माहीत," मावशी म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

नवरा पाण्याची बाटली घेऊन आला. त्याचे खांदे सैल झालेले मावशींना दिसले. "चार मिनिटं टिकलीस," तो म्हणाला. "चार म्हणजे पुष्कळ गं. आता उद्या ते उरकून टाक."

मावशींनी मान हलवली. स्वतःशी लावलेली पैज, तिच्यात लबाडी चालत नाही. हात पडला होता, दोनदा, सगळ्यांनी पाहिला होता. आतून त्या शोधत होत्या : तेव्हा मी भ्याले होते का? भीती सापडत नव्हती. पण हात तर पडला. भीती न सांगता येत असेल, दबा धरून? अकरा महिने हाताला तेच शिकवलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्या बाकावर बसल्या आणि पट्ट्याची गाठ सोडायलाही त्यांना सुचेना. वॉर्ड गेला, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते वाक्य इतकं साधं होतं की रडूही आलं नाही.

दार ढकलून बसवाली आत आली. केस विस्कटलेले, पदक हातात, गळ्यात घालायचा तिला संकोच झालेला.

"ताई, एक विचारू? रागावू नका हं."

"विचारा की."

"तुम्ही टॅप केलंत ते ठीक. पण त्याच्या आधी तुम्ही माझ्याशी बोललात का?"

"मी? नाही हो. काय बोलणार?"

"बोललात. 'वळूया हं' म्हणालात. माझ्या कानातच म्हणालात." ती शेजारी टेकली. "खरं सांगू, मला तेव्हा दम लागला होता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि कुणी तरी पाठीवर थोपटून 'वळूया हं' म्हटलं, तर मी आपली वळले! कुस्ती चाललीय हे विसरूनच गेले. मग पंच ओरडला. मी त्याला सांगणार होते, पण मला वाटलं, मलाच भास झाला असेल."

मावशींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी एका जुन्या मावशीने त्यांना हे शिकवलं होतं. माणसाला सांगितल्याशिवाय वळवायचं नाही. शुद्धीत असो, नसो. पाठीवर दोनदा थोपटायचं, सांगायचं, आणि मगच वळवायचं, नाहीतर तो दचकतो, त्याला वाटतं आपण पडतोय. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मावशी ते करतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दीड वर्षात त्या हाताने ते एकदाही केलेलं नव्हतं. रुग्णावर वाकल्या की त्या वेळी त्यांना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येई, दुसऱ्याचा नाही. आज चौथ्या मिनिटाला, छातीवर त्या बाईचं सगळं वजन घेऊन, त्यांना दुसऱ्याचा श्वास ऐकू आला होता.

"काय झालं ताई? रडताय का? घ्या, हे पदक तुम्ही घ्या, मला काही हौस नाही."

"ठेवा हो ते," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "हरले मीच. अगदी रीतसर हरले." आणि त्या अशा हसायला लागल्या की बाहेर उभा असलेला नवरा घाबरून दार वाजवायला लागला.

घरी जाताना त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "पंचाला तर तो टॅपच दिसला."

"पंचाला वॉर्डात यायचं नाहीये."

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. हे त्याने दीड वर्षात पहिल्यांदा म्हटलं. मावशींनी त्याचा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी सकाळी मोठ्या सिस्टर वॉर्डातल्या टेबलाशी बसल्या होत्या. कुस्तीचं मास्तरकडून त्यांच्या कानावर आलं होतं. "काय मावशी, काय झालं कालच्या कुस्तीचं?"

"हरले."

सिस्टरांनी सुस्कारा सोडला आणि पेन पुढे सरकवलं. "जाऊ दे. आणा तो कागद."

मावशींनी कागद टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरी. "सिस्टर, रात्रपाळीची मावशी म्हणाली, बारा नंबरचे आजोबा पहाटेपासून एकाच कुशीवर आहेत. खुबा लाल झाला असेल. आधी ते बघते."

"अहो, ते नव्वद किलोचे आहेत! थांबा, दुसरं कुणी येऊ दे—"

पण मावशी निघाल्या होत्या. सिस्टर मागोमाग आल्या आणि दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आजोबांचे डोळे उघडे होते, पण कुठे आहोत याचा पत्ता त्यांना नव्हता. मावशी वाकल्या, हात पाठीमागे नेला, दोनदा थोपटलं. वळता वळता आजोबा एकाएकी बिथरले. त्यांनी मावशींचा खांदा गच्च धरला आणि अख्खं अंग त्यांच्यावर टाकलं. मावशींची पाठ भिंतीला लागली, आजोबांचं डोकं त्यांच्या छातीवर आणि नव्वद किलो त्याच्यामागे. सिस्टर किंचाळल्या.

"मावशी! अरे, धावा कुणीतरी! मावशी!"

भिंत आणि पलंगाच्या मधून मावशींचा आवाज आला, दबलेला, पण सरळ.

"ओरडू नका सिस्टर. ते घाबरतायत."